फाटक्या आवाजाचं मशीन

माझा आवाज एका माणसाने पकडीने कापला, असं मी सात वर्षं सांगत होतो. ज्याला ऐकायला वेळ असे त्याला, आणि नसे त्यालाही. आवाज म्हणजे गळ्यातला नव्हे, गिटारचा. तो मिळवायला मला दहा वर्षं लागली होती आणि तो माझ्याकडे जेमतेम पाच महिने राहिला. म्हणून मी त्याला माझा म्हणतो.

विशीत मी दिवसा अंबडच्या एका कारखान्यात मोटारींना तार गुंडाळायचो आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे मास्टर म्हणायचे. त्यांच्याकडे परदेशी रॉकची एक जुनी कॅसेट होती. त्या गाण्यांतलं एक अक्षर आम्हाला कळायचं नाही. पण एका गाण्याच्या मध्यावर गाणारा थांबायचा आणि एकटी गिटार पुढे यायची. एकच सूर छेडलेला, आणि तो विझतच नाही. उलट जाड होत जातो, कडेला थोडा फाटतो आणि शेवटी आपणहून वरच्या सप्तकात उलटतो. गिटारमधून असा आवाज निघतो हे मला माहीतच नव्हतं. ती जागा मी इतक्यांदा मागे घेऊन ऐकली की मास्टरांनी कॅसेट काढून खिशात घातली.

मग तसं वाजवायचा प्रयत्न सुरू केला. बोटं बरोबर पडत होती, आवाज येत नव्हता. एकदा तालमीत सगळ्यांसमोर मास्टर म्हणाले, "तुझी गिटार डासासारखी वाजते रे. कानाशी येते आणि मारावीशी वाटते." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या गणपतीत पहिल्या कार्यक्रमाला गेलो तर माझ्या खुर्चीवर कीबोर्डची पेटी ठेवलेली. त्या कीबोर्डात गिटारचं बटण होतं. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सायकल वळवली आणि घरी आलो. तो राग मी नीट जपून ठेवला. रागावर माणूस बरंच काही उभं करू शकतो. मी दुकान उभं केलं.

आधी हातगाडीवर जुने रेडिओ, मग नाशिकरोडला पत्र्याची टपरी, मग शटरचा गाळा. बंद पडलेल्या कारखान्यांतलं, मोडलेल्या संसारांतलं विजेचं सामान घ्यायचं, चालू करायचं आणि विकायचं. माझ्याकडे शिक्षण नव्हतं, भांडवल नव्हतं, पण जीभ होती. समोरचा वस्तूचं कौतुक सुरू करायच्या आत मी तिचे तीन दोष सांगायचो. चिडायचो, उठून जायचो, परत यायचो. सांगितलेल्या किमतीला मी आयुष्यात भाजीसुद्धा घेतलेली नाही.

दुकान स्थिरावल्यावर तो आवाज पुन्हा डोक्यात शिरला. देवळालीच्या एका निवृत्त लष्करी बँडवाल्याकडे जुनी, जाड लाकडाची इलेक्ट्रिक गिटार होती. एका रंगीत टीव्हीच्या बदल्यात ती मी घेतली. देताना तो म्हणाला की गिटार म्हणजे अर्धंच वाद्य, उरलेलं अर्धं मशीनमध्ये असतं. तुला हवा तो आवाज जुन्या, काचेच्या नळ्यांच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधूनच येईल, तोही त्याच्या ताकदीबाहेर ताणला तर. नव्या मशीनमध्ये तो नाही.

व्हॉल्व्हचं मशीन शोधायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी चांदवडला सापडलं. जत्रांतून तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या एका माणसाचं होतं. तो तापाने वारला होता, तंबू विकला गेला होता आणि मशीन कांद्याच्या चाळीत एका कोपऱ्यात पडून होतं. लोखंडी पत्र्याचा जड डबा, वर कांद्याच्या पातींचा थर. त्याची बायको, पन्नाशीची, पदर खोचून कांदे निवडत होती.

मी मशीनला पायाने हलवलं आणि म्हणालो, गंजलंय.

"गंजलंय, पर आवाज बगा त्याचा. तीन गावं ऐकायची," ती म्हणाली.

"तीन गावं ऐकायची तेव्हा. आता उंदरांनी घर केलंय."

"उंदीर काढून देते की भाऊ. एक मात्र सांगते. त्याला हात लावला की वीज लागती. आमचे मालक फळीवर उभं राहून चालवायचे."

मला हेच पाहिजे होतं. मी लगेच मागे सरलो, हात झटकले.

"म्हणजे बिघडलेलंच की हो बाई."

"बिघडलेलं नाय, पर..."

"अंगाला करंट देणारं मशीन मी घरात नेऊ? माझी बायको मला घरात घेईल का?"

तिने दोनदा काही सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी तिच्या वर आवाज चढवला. टेबलफॅन, मिक्सर आणि इस्त्री देईन म्हणून गेलो होतो. त्या विजेच्या जोरावर आधी इस्त्री कापली, मग पंखा कापला. एकट्या मिक्सरवर सौदा पटला. मशीन टेम्पोत चढवताना ती म्हणाली, "तुम्ही देवीच्या पुढ्यात गेलात तरी नारळ अर्धाच फोडाल." टेम्पोवालाही हसला. मला अपमान वाटला नाही. उलट येताना अख्ख्या हायवेवर मी गुणगुणत होतो.

आता काकांबद्दल. माझ्या गाळ्याच्या मागच्या चाळीत ते राहायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करून निवृत्त झालेले. रोज सकाळी दहाला आंघोळ करून, पांढरा सदरा घालून दुकानात यायचे आणि माझी मशिनं उघडून बसायचे. एक चहा, एक पान, बाकी काही घ्यायचे नाहीत. हातगाडीच्या दिवसांपासून मला चिडवायला शेठ म्हणायचे. त्यांची एक सवय मला डाचायची. कुठलाही खराब भाग काढला की ते तो पकडीने कापून दोन तुकडे करायचे, मगच टाकायचे. एकदा असाच एक स्विच कापला तेव्हा मी ओरडलो होतो, की तो कुणाच्या तरी उपयोगी पडला असता. त्यावर ते शांतपणे म्हणाले होते की म्हणूनच कापायचा. बाद झालेला भाग अखंड राहिला की तो परत कपाटात जातो, पुढच्या पाळीचा माणूस चांगला समजून बसवतो, आणि मग कुणाचा तरी जीव जातो. केंद्रात तशी शिस्तच होती.

चांदवडचं मशीन त्यांनी चार रविवार घेऊन उभं केलं. आत उंदरांचं घर, कांद्याची सालं, मेलेले दोन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह जुन्या नाशकातल्या एका रेडिओवाल्याकडून आणले. पाचव्या रविवारी सकाळी पिन लावली. काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेड हळूहळू आला, देवघरातल्या समईसारखा. काकांनी पत्र्याला टेस्टर लावून बघितला, मान डोलावली. मी गिटार जोडली, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि एक सूर छेडला.

तो विझला नाही.

मी हात तारेवरून काढायला घाबरत होतो. सूर जाड झाला, कडेला फाटला, मांडणीवरच्या चहाच्या बश्या थरथरल्या आणि मग तो उलटला, वर गेला. अगदी तसाच. दहा वर्षं जे डोक्यात होतं ते समोरच्या हवेत होतं, आणि ते माझ्या बोटाखालून आलं होतं. रस्त्यावरचा भेळवाला आत डोकावून गेला.

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "फाटतंय."

"फाटायलाच पाहिजे."

"अरे हे बिघाडाचं लक्षण आहे. कुठला तरी कंडेन्सर गळतोय."

"गळू दे."

"बिघाड पाहिजे तुला?"

मी त्यांना कॅसेट ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "त्याचंही मशीन बिघडलेलं होतं." मग मात्र हसले. म्हणाले, ठीक आहे शेठ, तुझा बिघाड तुला लखलाभ.

पाच महिने मी रोज दुपारी एक ते दोन शटर अर्धं ओढून वाजवत होतो. मग मास्टरांचा फोन आला. ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं होत होती, सगळ्या जुन्या कलाकारांना बोलावणार होते. तुलाही एक गाणं देतो म्हणाले. एकच. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, तो सूर. मला बाकी काही नको होतं. दुकान, गाळा, सगळं मी त्या एका मिनिटासाठी केलं असावं असं तेव्हा वाटत होतं.

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मशीनचं गिटारचं सॉकेट ढिलं झालं. काकांना सांगितलं, तेवढं घट्ट करून ठेवा, आणि मी अंबडला एका बंद कारखान्याचा माल बघायला गेलो. परत आलो तेव्हा चार वाजले होते. काका स्टुलावर बसलेले, सदरा घामाने ओला. समोर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर मशीनच्या पोटातले जुने कंडेन्सर, मेणाच्या कागदात गुंडाळलेले, तपकिरी. दहा-बारा तरी असतील. प्रत्येक मधोमध कापलेला.

क्षणभर मला ते काय आहे हेच कळलं नाही. मग गिटार जोडली आणि सूर छेडला. स्वच्छ, गुळगुळीत, सरकारी बातम्यांसारखा. दोन सेकंदांत विझला. परत छेडला. परत विझला.

"काय केलंत तुम्ही हे?"

"चालण्यासारखं नव्हतं ते," काका म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

"पाच महिने चालत होतं. मी सॉकेट सांगितलं होतं. सॉकेट."

"सगळंच जुनं होतं रे. बदलून टाकलं."

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. सरकारी पगारावर तीस वर्षं दुसऱ्याचं सामान बदलत बसलात, तुम्हाला काय कळणार एखादी वस्तू मिळवणं म्हणजे काय, असं म्हणालो. मास्टरांनी तुम्हाला फितवलं का, असंही विचारलं. रस्त्यावर माणसं थांबली होती. ते तुकडे मी त्यांच्या अंगावर फेकले. त्यांनी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला, पकड पिशवीत टाकली आणि गेले. त्या गप्प राहण्याचा मी एकच अर्थ लावला, की माणूस चुकलाय म्हणून गप्प आहे. तो अर्थ बरोबरच होता, पण हे मला सात वर्षांनी कळलं.

तीन दिवसांत मी नाशिक, मनमाड, दोन्हीकडचे रेडिओवाले पालथे घातले. तसले कंडेन्सर मिळाले नाहीत. हॉलमध्ये त्याच स्वच्छ आवाजात वाजवलं. गाणं संपल्यावर मास्टर माइकवर म्हणाले, "आमचा डास मोठा झाला बरं का, आता डबा घेऊन येतो." हॉल हसला. यावेळी मला हसता आलं नाही.

त्यानंतर काकांशी बोलणं बंद. ते समोरून आले की मी रस्ता ओलांडायचो. मशीनवर चादर टाकली. विकलं नाही, लावलंही नाही. घरात काकांचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो, म्हणून बायकोने नाव काढणं बंद केलं. ती मात्र संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ द्यायला जायची. मी तिला एकदा म्हणालो होतो की ज्याने नवऱ्याचं वाटोळं केलं त्याच्या घरी कशाला जातेस. तिने तिळगुळाचा डबा उचलला आणि गेली.

सात वर्षांनी काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला काका स्वतः घरी आले होते, मी नसताना. मी पत्रिका न उघडता फ्रिजवर फेकली आणि म्हणालो की आपण जाणार नाही. बायको भाकरी थापत होती. तिने गॅस बंद केला, पीठ लागलेले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि उजवा तळवा माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या खाली जुना पांढरा डाग होता.

"हा कशाचा आहे?"

"तव्याचा. तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी बोललोही होतो, लक्ष कुठे असतं म्हणून."

"तव्याचा नाही. मशीनचा."

मग तिने सांगितलं. त्या दुपारी ती माझा डबा घेऊन दुकानात आली होती. मी निघून गेल्याचं तिला माहीत नव्हतं. सॉकेट बघायला काकांनी मशीन चालू केलं होतं आणि ते मागे हात धुवायला गेले होते. तिने स्टीलचा डबा मशीनच्या पत्र्यावर ठेवला. डबा एका हातात होता आणि दुसऱ्या हाताने तिने तोल सावरायला शटरची लोखंडी पट्टी धरली. पुढचं तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हात सुटत नव्हता आणि ओरडता येत नव्हतं. काका धावत आले आणि त्यांनी वायर धरून पिन उपसली. ती जमिनीवर होती, शुद्धीवर आली तेव्हा काका तिच्या डोक्यावर पाणी मारत होते आणि रडत होते.

"मीच त्यांना शपथ घातली, ह्यांना सांगू नका म्हणून."

"का?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

मी म्हणालो असतो, तू मशीनला हात कशाला लावलास. हेच शब्द. याच क्रमाने. सात वर्षांनी, तिचा डाग समोर असताना, माझ्या तोंडात आधी तेच आले होते.

मी खाली बसलो. आणि तिथे, फ्रिजला टेकून बसलेलो असताना, मला कांद्याची चाळ आठवली. त्याला वीज लागती. मालक फळीवर उभं राहून चालवायचे. मला सांगितलं गेलं होतं. स्पष्ट, मराठीत, उजेडात. मी ते वाक्य घेतलं, त्याच्या बदल्यात एक इस्त्री आणि एक पंखा वाचवला, आणि ते तिथेच चाळीत ठेवून आलो. काकांना सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या डोक्यातच राहिलं नव्हतं. दोष किमतीतून गेला म्हणजे वस्तूतूनही गेला, असं इतक्या वर्षांच्या धंद्यात मला आपोआप वाटायला लागलं होतं.

त्याच संध्याकाळी काकांकडे गेलो. ते ओटीवर पत्रिकांवर पत्ते लिहीत होते. मी म्हणालो, काका, मला कळलं.

"सांगितलं का तिने? बरं झालं," ते म्हणाले. सरकून जागा करून दिली. मग पेन बाजूला ठेवून स्वतःच बोलायला लागले. चूक त्यांची होती, म्हणाले. तीस वर्षं चालू लाइनवर काम केलेला माणूस, आणि पहिल्या दिवशी एकदाच टेस्टर लावला. दोन पिनांची पिन उलटी बसली तर काय होईल हे तपासलंच नाही. नंतर इतके घाबरले की खराब कंडेन्सर एकच होता, पण त्यांनी सगळेच काढून कापले. "तू शिव्या दिल्यास त्या मला कमीच वाटल्या शेठ. तुझी बायको माझ्या हातून गेली असती."

समोरचा स्वतःहून खाली येत असेल तर गप्प बसायचं, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. मी गप्प बसलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. सात वर्षांचा भार त्यांनी आपणहून उचलला होता, मला फक्त चहा प्यायचा होता. तरी मी बोललो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

"काका, मला विकणाऱ्या बाईने सांगितलं होतं. त्याला वीज लागते म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "कधी?"

"घेतानाच."

"म्हणजे मी आत हात घालायच्या आधी."

"हो."

त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. सात वर्षांपूर्वी मी तुकडे फेकले तेव्हाही नाही. ओठ पांढरे पडले होते. मग ते म्हणाले, "आमच्या केंद्रात एकाने लाइन चालू आहे हे सांगितलं नव्हतं. विसरला होता बिचारा. मी रिटायर होईपर्यंत त्याच्याशी बोललो नाही."

"काका..."

"नीघ आता. लग्नाला ये, पत्रिका दिली आहे."

मी लग्नाला गेलो. त्यांनी मला नीट बसवलं, पंगतीत स्वतः जिलबी वाढली आणि पुढच्या ताटाकडे गेले. एक शब्द नाही. आता रस्ता ओलांडणारे ते होते. माझ्याकडची तक्रार गेली होती आणि तिच्या जागी काहीच नव्हतं. ती नसताना कसं वागायचं तेच मला सुचेना. गिऱ्हाइकांशी भांडणंसुद्धा नीट होईनात.

पावसाळा गेला. एके दिवशी सकाळी दहाला काका दुकानासमोर उभे राहिले, हातात पिशवी. आत आले नाहीत.

"ती चांदवडची बाई काय म्हणाली होती, सगळं सांग. शब्द न् शब्द."

मी सांगितलं. फळीपर्यंत.

"पुढे?"

"पुढे मी तिला बोलू दिलं नाही."

"मग जाऊन विचारून ये," म्हणाले, आणि वळून गेले.

मी खरंच गेलो. वय झालं तरी बाई अजून त्याच चाळीत कांदे निवडत होती. तिने मला लगेच ओळखलं. तुमच्या मिक्सरने आठ दिवसांत मान टाकली, म्हणाली, तुम्हीही त्याच्या दोषाचं काही बोलला नव्हता. मग मी विचारलं की त्या दिवशी बिघडलेलं नाय, पर... याच्या पुढे काय होतं.

तिने हातातला कांदा खाली ठेवला. "एवढं इचारायला नाशकावरनं आलात?" आणि मग सांगितलं. पिन एका बाजूने घातली तर काही होत नाही, उलटी घातली की वीज लागते. म्हणून मालकांनी पिनेच्या एका अंगाला लाल रंग लावला होता, लाल अंग वर ठेवायचं. "दोन मिनिटांचं बोलणं होतं भाऊ."

परत आलो आणि चादर काढली. पिनेवर लाल रंग होता. त्या पाच महिन्यांत तो माझ्या बोटांखालून शेकडो वेळा गेला होता. रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर बसायचो, म्हणूनच मला कधी झटका लागला नसावा. मला वाटलं होतं, कुठेतरी ऑइलपेंट सांडला असेल.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आत आले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त पिन बदलली, तीन पिनांची लावली, अर्थिंग ओढलं, आतल्या वायरी अदलाबदल करून पत्र्याला मीटर लावून चार वेळा तपासलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आता सांग, बिघाड कुठला पाहिजे? शिस्तीत करू."

शिस्तीतला बिघाड करायला दोन महिने लागले. एखाद्या कंडेन्सरचं माप मुद्दाम चुकीचं ठेवायचं, एखादा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा तापू द्यायचा, पण पत्र्यावर काही येऊ द्यायचं नाही. तेव्हा का नाही सांगितलं की असं करता येतं, असं मी चिडून एकदा विचारलंच. ते म्हणाले, तू विचारत नव्हतास, भांडत होतास. तरी मला वाटतं, निदान एक कंडेन्सर त्यांनी अखंड ठेवायला हवा होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आवाज आला. अगदी तोच नाही. फाटतो थोडा उशिरा, पण विझत नाही आणि उलटतो. दुपारी एकला मी शटर अर्धं ओढून तो सूर लावला, तेव्हा बायको डबा घेऊन आली होती. मी खूण करून तिला आत बोलावलं. सगळं तपासलंय, मीटर लावून दाखवतो, असं ओरडून सांगितलं. काकांनी स्वतः पत्र्यावर हात ठेवून दाखवला.

ती पायरीवर उभी राहिली. सूर संपेपर्यंत तिने ऐकला. मग डबा पायरीवर ठेवला, काकांकडे बघून हसली आणि गेली. मशीन चालू असलं की ती पायरीच्या आत येत नाही. मी पुन्हा कधी आग्रह केला नाही. ती आली की मी बटण बंद करतो, पिन काढतो, आणि नळ्यांतला नारिंगी उजेड पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसून जेवतो.